कोपरातलं बेंड

छाटणीच्या आठवडाभर आधी बागेतून एक फेरी मारायची, चार ठिकाणी काडी कापून बघायची, ही माझी जुनी सवय. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तशीच फेरी मारत होतो. पहिली काडी कापली, दुसऱ्या काडीला कात्री लावली आणि कात्री हातातून गळून खाली पडली. उचलली, परत पडली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढ्यांनाच मुंग्या. करंगळी मात्र ठणठणीत. वीस-बावीस वर्षं द्राक्षाची कात्री चालवतोय, हात भरून येणं मला माहीत आहे. हे त्यातलं नव्हतं.

त्याआधी महिनाभर ताप येतच होता. सकाळी काही नाही. दिवस कलला की कणकण, आणि रात्री बनियन पिळून काढावं एवढा घाम. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉईड म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या झाल्या. गोळ्या चालू असेपर्यंत ताप गायब, संपल्या की चौथ्या-पाचव्या दिवशी परत हजर. मग दुसऱ्या औषधाची पाच दिवस इंजेक्शनं, दोन्ही हातांतून सलाईन. पुन्हा तेच. वजन सात किलोनं उतरलं. आमच्या भागात टायफॉईड म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. येणारा-जाणारा 'पथ्य पाळ, तूर डाळ खाऊ नको' एवढं सांगून चहा पिऊन जातो.

कात्री पडली त्याच रात्री अंघोळ करताना उजव्या कोपराच्या आतल्या खोबणीत हात गेला. आवळ्याएवढी गाठ. दाबली की कळ थेट अंगठ्यापर्यंत. आईला दाखवली. ती म्हणाली, "आरं, उष्णतेचं बेंड हाय त्ये. कांदा भाज, हळद लाव आन् बांध गरम गरम." तीन रात्री बांधला. तिसऱ्या सकाळी आवळ्याचं लिंबू झालं होतं, वरची कातडी लाल आणि चकचकीत. सौ.चं मत वेगळं. सलाईन लावताना त्या पोरानं तीनदा सुई मारली होती, तिथंच पू झालाय, असं तिचं पक्कं. भांडायलाच निघाली होती. मीच थांबवलं, कारण छाटणीची तारीख ५ ऑक्टोबर धरली होती आणि मजुरांची टोळी हातची गेली की परत मिळत नाही.

३ तारखेला तासगावात एका सर्जनकडं गेलो. दवाखान्यात गर्दी होती. त्यांनी लांबूनच गाठ बघितली, ताप ऐकला. म्हणाले, "पिकलंय. चिरा देऊन पू काढून टाकू, दहा मिनिटांचं काम." मीही खूश. पू गेला की मुंग्या जातील, परवापासून बागेत. मला ड्रेसिंगच्या खोलीत झोपवलं, हात फळीवर पसरला. ट्रेमध्ये पातं, चिमटे, भुलीची सुई भरून तयार. एक सिस्टर, विशी-बाविशीची, कापसाच्या बोळ्यानं बेटाडीन लावत होती. गोल गोल फिरवता फिरवता तिचा हात थांबला. बोळा ठेवून तिनं दोन बोटं गाठीवर टेकवली आणि तशीच धरली. मग डॉक्टरांकडं बघून म्हणाली, "सर, हे उडतंय."

डॉक्टर हातमोजे चढवत होते. त्यांनीही बोटं टेकवली. मग स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी नळ्या माझ्या कानात घातल्या आणि म्हणाले, "ऐका." नाडीच्या प्रत्येक ठोक्याला घर्रऽऽ घर्रऽऽ असा आवाज. मोटर चालू केल्यावर पाइपातून आधी हवा आणि पाणी एकदम येतं ना, तसा.

"हे बेंड नाही. ही तुमची मुख्य शीर आहे. हात लावला असता तर आता या खोलीत रक्त थांबवणं मला जमलं नसतं." हे त्यांनी सरळ कबूल केलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. घाईत बघितलं हे खरं. पण पातं खाली ठेवायला आणि दुसऱ्या कुणाचं तरी ऐकायला मन लागतं. त्यांनी एक पैसा घेतला नाही. हात उशीवर ठेवून हलकी पट्टी बांधली, चिठ्ठी लिहिली. "घरी जायचं नाही. वाटेत कुठं थांबायचं नाही. दाबायचं नाही, चोळायचं नाही, शेकायचं तर अजिबात नाही." शेकायचं नाही म्हटल्यावर मी सौ.कडं बघितलं, सौ. खाली बघत होती.

दाजींची गाडी आली. तासगाव ते सांगली पंचवीस-एक किलोमीटर. कवठे एकंदला दसऱ्याच्या दारूकामाची गडबड चालली होती, रस्त्यावर माणसंच माणसं, आणि मी मागच्या सीटवर तान्हं मूल धरावं तसा स्वतःचाच हात मांडीवर धरून बसलेलो. बुधगावच्या अलीकडं एक स्पीडब्रेकर दाजींच्या लक्षात आला नाही. त्या आदळ्याला मी जो ओरडलो, त्यानंतर माधवनगर येईपर्यंत गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. आमच्याकडं 'मिरजेला नेलंय' असं म्हटलं की माणूस गंभीर आहे हे समजायचं. वानलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासूनची ही भाषा. मला सांगलीतच नेलं, पण आईनं शेजारी सांगितलं ते मिरजेलाच नेलं म्हणून.

रात्री नऊ वाजता कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. अंधारी खोली, थंडगार जेल, आणि यंत्र इतकं अलगद टेकवलेलं की गाठीला कळूही नये. पडद्यावर एक गोल, अर्धा तांबडा, अर्धा निळा, आणि दोन्ही रंग एकमेकांमागं गरगर फिरतायत. एका बाजूनं रक्त आत शिरतं, भोवरा घेतं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं, असं त्या मॅडमनी समजावलं. आवाजही चालू केला. पाणी भरलेल्या बादलीत कुणीतरी हात हलवतंय असा. ३ सेंटिमीटरच्या वर आकार, आणि भिंत धड नाही.

व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, रात्रीच येऊन बघून गेले. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. दंडातून येणारी मोठी धमनी कोपराखाली दोन फाट्यांत विभागते, एक अंगठ्याकडं, एक करंगळीकडं. त्या फाट्याच्या तोंडाशीच भिंत कुजली होती आणि टायर फाटल्यावर ट्यूबचा फुगा बाहेर यावा तसा तिथं फुगा आला होता. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. अंगठा आणि दोन बोटांची नस त्याच धमनीच्या कडेनं जाते, फुगा तिला रेटत होता, म्हणून कात्री पडत होती. करंगळीची नस कोपराच्या मागून जाते, म्हणून ती मोकळी. महिनाभर कुणालाच न लागलेला हिशोब एका चित्रात लागला.

"पण भिंत कुजली कशानं, ते शोधायला पाहिजे. नुसता फुगा काढून भागणार नाही." हे त्यांचं दुसरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिशियन आले. वयस्कर गृहस्थ. फाईल बाजूला ठेवली आणि आधी माझ्या हातांची नखं बघत बसले. एका नखाखाली बारीक काळी उभी रेघ होती, दुसऱ्या हातालाही तशीच एक. "ही कधीपासून?" मी म्हटलं, तारा ओढताना कूस गेली असेल, बागेत चालतंच. ते हसले. "कूस चामडीतून जाते. ही आतून आलीय." मग छातीला स्टेथोस्कोप लावून एका कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं, आणि दोन प्रश्न विचारले. लहानपणी सांधे सुजले होते का? गेल्या काही महिन्यांत दाताचं काही केलं का?

दाताचं लगेच आठवलं. जुलैत दाढ काढली होती. किती वर्षं किडलेली होती कोण जाणे, दुखायची थांबली की मी विसरायचो. सांध्यांचं आईला फोन करून विचारलं. "व्हय की. पाचवीत हुतास तवा. गुडघं सुजलं हुतं, महिनाभर साळंला न्हाई गेलास. तुझ्या आज्ज्यानं उचलून न्हेलता की वैद्याकडं." मला यातलं काहीच आठवत नव्हतं.

तो संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूंमुळं येतो, सांधे सोडून जातो, पण काहींच्या हृदयाच्या झडपेला खोट ठेवून जातो. माझी डावीकडची झडप, मायट्रल, तेव्हापासून थोडी गळत असणार. चाळीस वर्षं तिनं तक्रार केली नाही. जुलैत दाढेच्या जखमेतून तोंडातले जंतू रक्तात उतरले आणि त्या खडबडीत झडपेवर बसले. तिथं त्यांचा गोळा वाढत गेला, त्याचे कण सुटून रक्ताबरोबर फिरायला लागले. एक कण कोपराच्या फाट्यावर अडकला. धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या तिच्या स्वतःच्याही बारीक वाहिन्या असतात म्हणे, त्यांतून जंतू भिंतीत शिरले आणि आतून पोखरत गेले. संध्याकाळचा ताप टायफॉईडचा नव्हताच.

सौ.नं लगेच विचारलं, "म्हणजे सलाईनच्या सुईनं नाही झालं?" सुई चुकून धमनीत गेली आणि तिथं जंतू गेले तर अगदी असाच फुगा येऊ शकतो, त्यामुळं तिची शंका वेडेपणाची नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. पण ताप आधीचा, सुई नंतरची. शिवाय सुई नखाखाली रेघा काढत नाही. तिचा त्या पोरावरचा राग मावळायला तरी दोन दिवस लागलेच.

मग रक्त. एकदाच नाही, तीनदा, तीन वेगवेगळ्या जागांवरून, थोड्या थोड्या अंतरानं. दर वेळी कातडी दोन-दोन मिनिटं घासून साफ करायची आणि रक्त थेट पातळ औषध भरलेल्या बाटल्यांत. हे कल्चर. त्यात जंतू वाढवून कोणता ते ओळखायचं आणि कोणत्या औषधाला मरतो ते बघायचं. हे सगळं झाल्याशिवाय अँटिबायोटिकचा एक थेंबही द्यायचा नाही, असं फिजिशियननी सिस्टरना बजावलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "खरं तर हे महिन्याभरापूर्वी व्हायला हवं होतं. अर्धवट औषधं पोटात गेली की जंतू दबतात, बाटलीत उगवत नाहीत, आणि मग आम्ही अंधारात." द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आधी खताचा डोस सोडायचा आणि मग देठ परीक्षणाला पानं पाठवायची, तर तो रिपोर्ट चुलीत घालायच्या लायकीचा. विडालचंही त्यांनी सांगितलं. एकदाच केलेल्या विडालवर टायफॉईड ठरवू नये, जुन्या संसर्गानं किंवा दुसऱ्याच तापानंही ती वर दिसते. मला गावातल्या डॉक्टरांचा राग आला, येऊन गेला. त्यांच्याकडं कल्चरची सोय नाही, आणि मी स्वतःच दर वेळी 'लवकर बरं वाटेल असं काहीतरी द्या' म्हणत होतो.

त्याच दिवशी घशातून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवरून केलेल्या इकोत झडप गळताना दिसली, पण गोळा नीट दिसेना. म्हणून अन्ननलिकेत नळी घालून मागच्या बाजूनं हृदय बघायचं. घशात कडू फवारा मारतात, जीभ लाकडाची होते, मग 'गिळा, गिळा'. गिळणार काय, डोळ्यांतून धारा. झडपेच्या पात्यावर ८ मिलिमीटरचा गोळा, प्रत्येक ठोक्याला झेंड्यासारखा हलणारा. मला पडदा दिसत नव्हता ते बरंच झालं. दुपारी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी. शिरेतून औषध सोडलं की घशापासून मांड्यांपर्यंत ऊब पसरते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. त्याआधी किडनी ठीक आहे का बघायला क्रिएटिनिन केलं होतं, कारण ते औषध किडनीवाटे बाहेर पडतं. डोक्याचंही एमआरआय केलं. असे फुगे मेंदूतल्या वाहिन्यांतही येतात आणि तिथला फुटला तर विषयच संपला. मेंदू साफ निघाला. प्लीहेत एक छोटा मेलेला तुकडा दिसला, तोही एका कणाचाच प्रताप.

फाईलवर आता रोगाचं पूर्ण नाव लिहिलं होतं. त्यात 'मायकॉटिक' हा शब्द वाचून मी ताठ बसलो. बुरशी! दावण्या, भुरी, करपा यांच्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हाताला बुरशी लागली म्हणजे न्यायच झाला. सर्जन आल्यावर विचारलं, फंगीसाईड कोणतं देणार? ते खुर्चीत बसून हसले. बुरशीचा याच्याशी काही संबंध नाही. विल्यम ऑस्लर नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली लंडनमधल्या व्याख्यानांत असा आजार वर्णन करताना हा शब्द वापरला, कारण ते फुगे दिसायला भूछत्रासारखे वाटले. नाव चुकीचं, पण चिकटलं ते चिकटलं. खरे गुन्हेगार बहुतेक वेळा जिवाणू असतात. तोंडातले, कातडीवरचे, काही वेळा सालमोनेला. सालमोनेला म्हणजे टायफॉईडच्याच घराण्यातला, हे ऐकल्यावर सौ. म्हणाली, "बघा, म्हणजे टायफॉईडचं औषध अगदीच वाया नाही गेलं." डॉक्टरांनी यावर बोलायचं टाळलं. मांडीत किंवा गुडघ्यामागं असे फुगे त्यांनी पाहिले होते, कोपरातला त्यांच्या हाताखालचा मी दुसरा.

कल्चरच्या बाटल्या भरून झाल्यावर दोन अँटिबायोटिकं शिरेतून चालू झाली होती. पण कातडी दिवसागणिक ताणत चालली होती, ऑपरेशन लांबवून चालणार नव्हतं. संमतीचा कागद आला. त्यात हात जाऊ शकतो असं स्वच्छ लिहिलं होतं. उजव्या हातानं पेन धरवेना, डाव्या हातानं सही केली. ती बँकेतल्या सहीशी काय, माझ्याच नावाशी जुळत नव्हती.

दाजींनी विचारलं, हृदयाच्या शिरेत स्प्रिंग टाकतात तशी इथं टाकून नाही का भागणार? कापाकापी तरी वाचेल. तसा कापड चढवलेला स्टेंट मिळतो, पण तो जंतू असलेल्या जागेतच बसणार, आणि जंतूंना लोखंड-कापडासारखं घर मिळालं की औषध तिथं पोचत नाही. रक्त थांबत नसेल किंवा पेशंटला ऑपरेशन झेपणार नसेल तर तात्पुरता टाकतात. प्लॅस्टिकची नळी जोडण्याचंही तेच. माणसाची स्वतःची शीर मात्र जंतूंपुढं बरी टिकते. म्हणून सडका भाग कापून टाकायचा आणि पायातली शीर काढून तिथं जोडायची.

म्हणजे कलम, मी म्हटलं. डॉगरीज खुंटावर सोनाका जातीची काडी भरतो तसं. "तसंच," सर्जन म्हणाले, "फक्त आम्ही काडी उलटी भरतो." मी अवाक. उलटी काडी भरली तर आमच्याकडं मजुराला बागेतून हाकलतात. पण पायातल्या शिरेत रक्त वर जावं, खाली येऊ नये म्हणून आत एकेरी दारं असतात. हातात रक्त बोटांकडं जायला हवं. शीर सुलटी जोडली तर दारं तोंडावर बंद होतील. म्हणून वरचं टोक खाली, खालचं वर.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. मला पूर्ण भूल होती, पुढचं सगळं नंतर सर्जनकडून ऐकलेलं. आधी फुग्याला हात न लावता दंडात वरच्या बाजूला धमनी मोकळी करून तिला क्लॅम्प लावला, मग खालचे दोन्ही फाटे. वरचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय फुटलेल्या लाइनला हात लावायचा नसतो, हे मला पटलंच. मग मनगटावर डॉपलरचं पेन धरून थांबले. कोपराभोवती बारीक आडवाटांचं जाळं असतं. काहींचा हात तेवढ्यावर तगतो आणि नुसती धमनी बांधून टाकली तरी चालतं. माझ्या तळव्यात आवाज आला, पण इतका क्षीण की जोखीम घ्यायची नाही असं ठरलं. पिंढरीच्या आतल्या बाजूनं शीर काढली, कारण मांडीतली या जागेसाठी जाड पडते. फुग्याची भिंत हाताला लागताच लोण्यासारखी सुटत होती म्हणे. ती सगळी काढली, कडेनं चांगलं, रक्त येणारं मांस लागेपर्यंत खरवडलं, तुकडे कल्चरला आणि तपासणीला पाठवले. नवी जोडणी उघडी राहू नये म्हणून वरून स्नायू ओढून घेतला.

शुद्धीवर आलो तेव्हा हात उशांच्या ढिगावर टांगल्यासारखा, आणि दर तासाला कुणीतरी येऊन मनगटावर पेन टेकवायचं. शूऽप, शूऽप असा आवाज आला की जायचं. पहिल्या रात्री सौ. जागीच होती. पहाटे तीनला आवाज आला नाही. सिस्टर पळत गेली, सौ.नं माझं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा. पेनची बॅटरी संपली होती.

हातापेक्षा पिंढरी जास्त दुखली. घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग आजही बधीर आहे, शीर काढताना तिच्या शेजारची बारीक नस दुखावते म्हणून. तिथं डास चावलेला कळत नाही. तेवढाच काय तो फायदा.

रिपोर्ट चौथ्या दिवशी. सहापैकी दोन बाटल्यांत उगवण. स्ट्रेप्टोकोकस, तोंडात राहणाऱ्या जातीचा. धमनीच्या तुकड्यातही तोच. तपासणारे डॉक्टर खूश होते. एवढी औषधं खाऊनही उगवला म्हणजे आमचं नशीब. दोन औषधांतलं एक बंद झालं आणि सेफट्रायाक्सोन उरलं, दिवसातून एकदा २ ग्रॅम. किती दिवस? ऑपरेशनपासून ६ आठवडे. मी बोटं मोजली. दिवाळी गेली, आणि बाग पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, फुलोऱ्यात जायचा सगळा काळ गेला.

दोन आठवडे दवाखान्यात, पुढचे चार घरून. डाव्या दंडातून छातीपर्यंत जाणारी बारीक लांब नळी घातली, म्हणजे रोज नवी सुई नको. तासगावात त्याच सर्जनच्या दवाखान्यात रोज सकाळी इंजेक्शन. द्यायला तीच सिस्टर. पहिल्या दिवशी सौ.नं तिची ओटी भरली, ती बिचारी इतकी लाजली की नळी धुवायचं सलाईन हातातून खाली पडलं. तिला विचारलं, तुला कळलं कसं? म्हणाली, कळलं वगैरे काही नाही, बोळा आपोआप वरखाली होत होता.

बाग दाजींनी सांभाळली. छाटणी १० दिवस उशिरा झाली, टोळी दुसरी मिळाली, डोळे फुटायची पेस्ट कमी-जास्त लागली, फूट पुढंमागं. नोव्हेंबरात दोन दिवस भुरभुर पाऊस आणि पोंग्यावर डाऊनी, म्हणजे दावण्या. मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचो, एका दंडात नळी, दुसरा गळ्यात अडकवलेला, आणि ब्लोअरवाल्याला तोंडानं सांगायचो. तोंडानं सांगून फवारणी होत नसते. जवळपास तिसरा हिस्सा घड जिरले. दवाखान्याचं आणि बागेचं मिळून जे झालं ते झालं. व्यापाऱ्याची उचल अजून फिटतेय.

दर आठवड्याला सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे अंगात जंतूंची धग किती उरलीय ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. आकडा खाली आला की घरी शिरा. सहाव्या आठवड्याला दोन्ही साधे झाले. झडपेवरचा गोळा विरला, गळती आहे तशी आहे. मध्यम, असं लिहितात. दर सहा महिन्यांनी इको, आणि कधीतरी झडप दुरुस्त किंवा बदलावी लागेल याची तयारी ठेवायची. मुंग्या जायला पाच महिने लागले. अंगठ्याचं टोक अजून थोडं जाड वाटतं, पण एप्रिलची खरड छाटणी मी स्वतः केली, रोज चार ओळी.

डॉपलर आता वर्षातून दोनदा. जोडलेली शीर कोपरात बोटाला लागते. पायात असताना ती नुसती वाहायची, आता उडते. नातवंडं नाहीत अजून, पण पुतण्याच्या पोराला तिथं बोट ठेवायचा भारी नाद आहे.

पुढच्या मंगळवारी दुसरी दाढ काढायची आहे. दंतवैद्यांना झडपेचा कागद दाखवला, त्यांनी फिजिशियनना फोन केला. आता दाताला हात लावायच्या आधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, एकदम. म्हणजे ५०० च्या ४ कॅप्सूल. मेडिकलवाल्याला वाटलं मी चुकीचं वाचतोय. "चार? एका वेळी? दिवसाला म्हणायचंय का?" चिठ्ठी पुढं केली. त्यानं दोनदा वाचली, कॅप्सूल पाकिटात घातल्या, आणि वर पेनानं लिहिलं: मंगळवार, सकाळी, सगळ्या.